सातव्या वळणाखालची भुई

राजापेठच्या उड्डाणपुलावर जिथं पुलाचे दोन तुकडे एकमेकांना भेटतात तिथं गाडीला बारीकसा गचका बसतो, आणि शेजारच्या सीटवरचा स्टीलचा डबा किणकन वाजतो. रोजचंच. अनुप डबा भरतो मोठ्या प्रेमानं, पण झाकणाचं रबर लावायचं त्याला लग्नाच्या सोळा वर्षांत एकदाही आठवलेलं नाही. म्हणून ते झाकण मोकळंच राहतं आणि रस्त्याची प्रत्येक चूक बोलून दाखवतं. आरतीच्या कानाला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो आत पोचायचाच नाही. त्या मंगळवारी मात्र पोचला. पूल उतरल्यावर तिनं गाडी एकदम बाजूला घेतली, तशी मागचा रिक्षावाला हॉर्न मारत, काहीतरी पुटपुटत निघून गेला. ती स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. काल संध्याकाळी डबा असाच वाजला होता. अगदी असाच, एकदाच. सातव्या वळणावर. आणि सातव्या वळणावर सांधा नाही. मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेल्या त्या साडेचार किलोमीटरच्या काळ्याभोर वाटेवर कुठंच सांधा नाही, एकही असू नये म्हणूनच तर दोन वर्षं तीनशे माणसं उन्हात भाजून निघाली होती. मग डबा वाजला का?

वलगाव मागं पडलं, दर्यापूरची वाट सुरू झाली. दोन्ही बाजूंना हरभरा, मधूनच वेचणी संपलेली कपाशी, काड्या झालेली, बोंडांची रिकामी टरफलं, नखल्या, वर करून उभी. जानेवारीचं ऊन अजून कोवळं होतं. आरतीनं काच खाली केली, म्हणजे डबा वाजला तरी वाऱ्यात ऐकू येणार नाही. आपण असं का केलं हे तिला कळलं, आणि तिनं काच पुन्हा वर केली. सहा दिवस राहिले होते. सोमवारी सकाळी मोटार-शर्यतींच्या संस्थेचा परीक्षक येणार होता. तो वाटेवरून फिरेल, कागदावर सही करेल, आणि महिन्याभरात इथं, खारपाणपट्ट्यातल्या या ओसाड तुकड्यावर, देशभरातल्या गाड्या धावतील. सही झाली नाही तर शर्यत दुसऱ्या राज्यात जाईल, हे पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं. पण त्याच्या सहीच्या आधी एक सही लागत होती, भुई आणि तिच्यावरचा थर निर्दोष असल्याची. ती आरतीची होती. तपासणीच्या प्रयोगशाळेची ती प्रमुख. माती, मुरूम, गिट्टी, डांबर, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं.

दर्यापूरच्या थांब्यावर ती रोज चहा घेते. हॉटेलवाला तिला पाहून रोज तेच विचारतो, आज त्यानं जरा रंगवून विचारलं. "मॅडम, मोटारी धावतीन का नाई वो तुमच्या? नाई त सांगा, आमच्या बैलाइलेच धाडतो. थे तरी तयार हायेत." बाकावरचे चार जण हसले. त्यातला एक म्हणाला, "अबे कायी माती हाये थे. तिनं सरकारचे रोड गिळले, हे काय टिकून राह्यलं." एरवी आरती उलट टोला द्यायची, आज तिनं कप तोंडाला लावला. काळी माती. पावसात फुगते, उन्हात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिची आई गोदाबाई सूप घेऊन निवडायला बसली की गुणगुणायची,

पह्यली माही ओवी गं, कायी मातीच्या मनाले
भेग पडली तरी बी, जागा देते कनसाले

त्या मनावर विश्वास ठेवायचा नाही, हे तर आरती कॉलेजात शिकली. म्हणून वाटेखालची काळी माती पाच-पाच फूट खोदून फेकली, तिथं मुरूम भरला, थर दाबले, पुन्हा दाबले. लेझरचं यंत्र परवा सगळ्या वाटेवरून फिरलं. सातव्या वळणावर त्यानं तीन मिलिमीटरचा खोलावा दाखवला, तोही पसरट. मर्यादेच्या आतला. कागदाच्या दृष्टीनं तिथं काहीच नव्हतं. आणि डबा वाजला.

ती पोचली तेव्हा झाडणाऱ्या बायांची रांग वळणावरच होती. आठ बाया, लांब दांड्याचे झाडू, एका लयीत डावीकडून उजवीकडे. वाट तयार झाल्यापासून रोज सकाळी हेच, खडा राहायला नको म्हणून. आरती गाडी लांब उभी करून बघत राहिली. रांग सरळ येत होती, आणि एका जागी रांगेतली शेवटची बाई, पार्बताबाई, दोन पावलं बाजूला सरकली, झाडूचा हात लांब करून ती जागा झाडली, आणि पुन्हा रांगेत आली. पायानं ती तिथं गेली नाही. परतीच्या फेरीलाही तेच. ही सगळी वाट ज्यांच्या शेतांवर झाली त्यातलं एक शेत या बाईचं होतं. बायांची फेरी संपून त्या सावलीला गेल्या तेव्हा आरती वळणावर गेली. इकडंतिकडं पाहिलं. मग तिनं बूट काढले, मोजे काढले, आणि काळ्या डांबरावर उघडं पाऊल ठेवलं.

किती वर्षांनी. तळव्याला आधी ऊब कळली, मग डांबरातल्या बारीक गिट्टीची खरखर, आणि मग त्याखालचं. ती टाचेवर भार देत, सावकाश, एकेक पाऊल जोडत चालली. डोळे आपोआप मिटले. आणि मिटलेल्या डोळ्यांपुढं पट उभा राहिला. तेल्हाऱ्याच्या पुढं, त्यांच्या गावाबाहेरचा शंकरपट. बैलजोडीनं धावायची ती सरळ वाट, वखरून मऊ केलेली, वर पाण्याचा शिडकावा, दोन्ही बाजूंना दोर. माघातली पहाट. दौडीच्या दिवशी तांबडं फुटता फुटता धुरकऱ्यानं, म्हणजे जोडी हाकणाऱ्यानं, वहाणा काढून तो सगळा पट अनवाणी चालायचा, ही तिकडची रीत. खुशालराव, तिचे वडील, पंचक्रोशीतले नावाजलेले धुरकरी. ते चालायला लागले की लोक बोलायचे थांबत. आई त्यावरही एक ओवी म्हणायची,

भुई बोलते बोलते, कोन आयकते कानानं
माह्या लेकीचा बाप गं, पायाच्या या तयव्यानं

आणि दुसरी रीत अशी, की बाईमाणसाचं पाऊल पटाला लागता कामा नये. लागलं तर जोडी चुकते. नऊ वर्षांच्या आरतीनं त्या पहाटे दोराखालून वाकून आत पाऊल टाकलं, कारण ती माती फार सुंदर दिसत होती, आईच्या हातच्या ओल्या सारवणासारखी. ती धावली. थंडगार माती बोटांमधून वर येत होती. आणि मध्यावर एका जागी टाच किंचित आत गेली. फार नाही, जणू भुईनं आतून श्वास सोडला. ती थांबली. दोन्ही पाय जोडून उभी राहिली, हलून पाहिलं. खाली पोकळ होतं. तिला ते समजलं, जसं माणसाला काळोखातही घरात कोणी आहे की नाही ते समजतं. तेवढ्यात दोराकडून कोणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला आणि ती पळाली. सांगायचं म्हटलं तर पटावर गेल्याचं सांगावं लागलं असतं. तिनं नाही सांगितलं. दुपारी तिच्या वडिलांची जोडी सुटली, हौशा आणि पाखऱ्या, धुळीचा लोट आणि लोकांचा एकच गलका, आणि मध्यावर पाखऱ्याचा पुढचा पाय घुशीच्या बिळात गेला. हाड मोडल्याचा आवाज गर्दीतही ऐकू आला. तिला तरी आला. संध्याकाळी पारावर कोणी म्हणालं, पट बाटला असन कोनाच्या पायानं. खुशालराव उठून गोठ्यात गेले. लंगडा पाखऱ्या त्यांनी अकरा वर्षं गोठ्यात बसवून सांभाळला, रोज स्वतः वैरण टाकली, आणि पुन्हा कधी पटावर उभे राहिले नाहीत. मोठी झाल्यावर, मातीचं शास्त्र शिकल्यावर, आरतीच्या मनातून बाटण्याचं भय गेलं. माती बाटत नसते. पण कळूनही गप्प बसणं, त्याला कुठलं शास्त्र नव्हतं. ते राहिलं, बुटात खडा राहावा तसं, चालता येतं पण विसरता येत नाही.

टाच थांबली. डांबर घट्ट होतं, गिट्टी घट्ट होती, पण त्याच्याही खाली, फार खाली, भुई उत्तर देत नव्हती. शेजारच्या पावलाला देत होती, इथं नाही. आरतीनं डोळे उघडले. पार्बताबाई समोर उभी होती, झाडू टेकून, तिच्या उघड्या पायांकडं बघत.

"जोडे काढले वं बाई?"

"हो. मावशी, तुमी इथं पाय काऊन देत नाई?"

म्हातारीनं पदर तोंडाशी नेला. तिनं आधी आरतीच्या पायांकडं पाहिलं, मग लांब, वाटेच्या पलीकडं, जिथं तिचं उरलेलं अर्धं वावर होतं. "त्याचं नाव घेत नसतेत," ती म्हणाली. "बुजोलं का नाव घ्याचं नाई. घरात तहान येते."

आरतीला कळायला एक क्षण लागला. विहीर. या बाजूला बुजवलेल्या विहिरीचं नाव काढत नाहीत. "किती दिवस झाले बुजवून?"

"मी या घरात आली त्याच्या दुसऱ्या साली. पानी खारं निंगालं ना. मानूस त मानूस, बैल तोंड लावे नाई. मंग वरचे दगड काढून बांधाले लावले, अन् आतमंदी भरलं."

"काय भरलं, मावशी?"

"काय भरतीन? पऱ्हाटी. साऱ्या गावाची दोन वर्षाची पऱ्हाटी टाकली. वरतून माती लोटली."

पऱ्हाटी. कपाशीच्या वाळक्या काड्या. वऱ्हाडात दगड महाग आणि काडी फुकट, दुसरं कोण भरणार विहिरीत कपाशी? आरतीला हसू आलं. वरती काळी माती, म्हणून पाच फूट खोदलं तरी खोदणाऱ्याला काही दिसलं नाही. सात-बाऱ्यावरून विहीर केव्हाच उतरवलेली. शंभर-शंभर मीटरवर घेतलेल्या चाचणीच्या भोकांमध्ये दहा फुटांचं तोंड सहज निसटलं. आणि खाली चाळीस वर्षं काड्या कुजत, बसत, बसत गेल्या. तीन मिलिमीटर. आज तीन. गाड्या दोनशेच्या वेगानं वळायला लागल्या की मग किती? "तुमी सांगतलं काऊन नाई?" असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. हा प्रश्न विचारायचा अधिकार तिला नव्हता. म्हातारी स्वतःच म्हणाली, "कोनी इचारलं नाई, बाई. तुमी जोडे काढले म्हून सांगतलं."

गौरांग प्रकल्पाचा मुख्य. अमरावतीच्या कॅम्पातला, तीन पिढ्या वकिलांचं घर, बाहेरदेशी शिकून आलेला, आणि गेल्या दोन महिन्यांत डोळ्यांखाली काळं पडलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मध्येच लॅपटॉप बंद केला, हे चांगलं की वाईट ते आरतीला कळेना. "मॅडम, मी काय लिहू रिपोर्टमध्ये?" तो हळू आवाजात म्हणाला. "डबा वाजला, आणि झाडणाऱ्या मावशी सांगतात खाली विहीर आहे, जी सात-बाऱ्यावर नाही? आमच्या घरी बाबा जेवतानासुद्धा पुरावा मागतात. यंत्र म्हणतंय ठीक आहे. आपण वळण फोडलं आणि खाली काही निघालं नाही, तर सोमवारी त्या माणसाला मी फोडलेलं वळण दाखवायचं. दोन वर्षं सगळा जिल्हा म्हणतोय, यांच्यानं होणार नाही. त्यांना मी आपल्या हातानं खरं ठरवू?"

"निघालं नाही तर माझं नाव लिहा," आरती म्हणाली. "माझ्या सांगण्यावरून फोडलं असं."

"आणि नाही फोडलं तर?"

"तर माझी सही नाही."

बोलून झाल्यावर तिला आपल्याच आवाजाचं नवल वाटलं. तो नऊ वर्षांच्या मुलीच्या घशातून बत्तीस वर्षं उशिरा आला होता, म्हणून असेल, जरा जाड, जरा गंजलेला. गौरांग उठून खिडकीशी गेला. बाहेर सहदेव, डांबर अंथरणाऱ्या पेव्हर-यंत्रावरचा मिस्त्री, माणसांना काहीतरी ओरडून सांगत होता. गौरांगनं त्यालाच हाक मारली. "सहदेवभाऊ, सातवं वळण फोडून, भरून, पुन्हा करायला किती दिवस?" सहदेवनं आरतीकडं पाहिलं, मग गौरांगकडं, मग टोपी काढून डोकं खाजवलं. "फोडाले अर्धा दिवस. भराले, खाली काय निंगते त्याच्यावर. अन् डांबर शुक्रवारी संध्याकाळच्या आत पडलं पाह्यजे, नाई त सोमवारपर्यंत थंड होनार नाई. अन् सांधा दिसू द्याचा नसन त निरा तुकडा नाई जमत. वळनाच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, पुरी रुंदी." जरा थांबून तो म्हणाला, "होते साहेब. नाई होत असं नाई. फक्त मंग चहाले कोनी माहं नाव घेऊन बलावजा नोका."

बुधवारी सकाळी वळण फोडलं. काळा, देखणा, आरशासारखा थर यंत्राच्या दातांखाली तुकडे होऊन वर येऊ लागला तेव्हा कडेला उभ्या माणसांपैकी एकानं तोंड फिरवलं. त्यानंच तो अंथरला होता. आरतीनं फिरवलं नाही. एक फूट, तीन फूट, पाच फूट. मुरूम. घट्ट, निर्दोष, तिनंच तपासलेला. सहा फूट. काळी माती. घट्ट. गौरांगची नजर तिच्या पाठीवर उन्हासारखी पडत होती. सात फूट. तिला पाखऱ्याचा पाय आठवला, पारावरचा माणूस आठवला, आपण सोमवारी कोणत्या तोंडानं या फोडलेल्या जागी उभं राहणार ते दिसलं. दर्यापूरच्या बाकावरचे चार जण दिसले, हसताना. कदाचित भुई बोलत नसते. कदाचित माणूसच आपलं जुनं दुखणं पायाखाली ऐकतो. आठ फूट. आणि यंत्राचा फाळ एकदम आत गेला, जड माणूस खाटेवर बसावा तसा, आणि खालून वास आला. कुजक्या काडीचा, ओल्या पोत्याचा, जुन्या मिठाचा. यंत्रवाल्यानं फाळ वर घेतला तर त्यात काळ्या पडलेल्या काड्यांचा भारा, आणि एका काडीला, कशी कोण जाणे, बोंडाची एक नखली अजून धरून राहिलेली.

सहदेव खड्ड्याच्या काठाशी बसला, ती नखली तोडून घेतली, फुंकर मारली, आणि आरतीच्या हातात ठेवली. "घ्या मॅडम. तुमची साक्षीदार." गौरांगनं डोक्यावरची पिवळी टोपी काढली. तो खड्ड्यात बघत राहिला, दोनशेच्या वेगानं येणारी एक गाडी त्यात बघत असावा तसा. मग म्हणाला, "सहदेवभाऊ, चहा मी करून आणतो सगळ्यांना. तुम्ही काढायला लागा." आणि खरंच गेला.

पुढचे तीन दिवस आरतीला दिवस म्हणून आठवत नाहीत. आठवतात ते आवाज आणि वास. दोन पाळ्या लागल्या. काड्या निघत राहिल्या, ट्रॉलीमागून ट्रॉली, साऱ्या गावाचा चाळीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा खालून वर येत होता. त्या ट्रॉलींच्या कडेनं पार्बताबाई येऊन उभी राहायची, एकदा म्हणाली, "हे आमच्याच वावरातली असन," जणू काडीला ओळख असते. खाली गोल दगडी बांधणी लागली, जुन्या हातांची, एक दगड हललेला नाही असली. पंप लावून खारं पाणी उपसलं, मग मोठे दगड भरले, त्यांच्या फटींतून सिमेंटचं पातळ काँक्रीट ओतलं, तोंडावर जाड लोखंडी जाळीचा स्लॅब घातला, लवकर घट्ट होणाऱ्या सिमेंटचा. बुजवायच्या आधी पार्बताबाईनं कोणाला न विचारता गोड्या पाण्याचा एक तांब्या विहिरीत ओतला. आरतीनं ते पाहिलं. तपासणीच्या वहीत लिहिलं नाही, तरी तिच्या मते तो भरणाचा एक थरच होता. गुरुवारी मुरूम, गिट्टी, रोलर. शुक्रवारी दुपारी डांबर आलं, वाफाळतं, आणि सहदेवनं पेव्हर असा चालवला की वाटावं बाई पुरणाची पोळी लाटतेय, कडा न फाटू देता. रोलर मागून. पुढं. पुन्हा मागून. साडेपाचला सहदेव खाली उतरला, वळणाच्या तोंडाशी उकिडवा बसला, जुनं आणि नवं भेटतं तिथं नखानं चाचपलं. नख कुठं अडलं नाही. "झालं," एवढंच म्हणाला, आणि तिथंच मांडी घालून बसला, उठवेना त्याला.

सोमवारी सूर्य वर यायच्या बेताला तिथं सगळे जमले होते, न बोलावता. तीनशे माणसं वळणाच्या कडेनं, स्वेटर, मफलर, तोंडातून वाफ. आरती गाडीत बसली. शेजारच्या सीटवर डबा, रबराशिवाय. अनुपनं पहाटे रबर हुडकून काढलं होतं आणि तिनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं होतं. तिनं काचा खाली केल्या आणि निघाली. पहिलं वळण, दुसरं, लांब सरळ वाट, पलीकडं धुक्यात पूर्णेचा काठ, पाचवं, सहावं. सातव्याच्या तोंडाशी तिला दिसलं की माणसं श्वास धरून उभी आहेत, तीनशे माणसं, एक डबा वाजू नये म्हणून. टायर डांबरावर सळसळत गेले. डबा गप्प. गाडी वळणाच्या पोटातून गेली, बाहेर आली. डबा गप्प. ती फेरी पूर्ण करून पुन्हा आली, या वेळी जोरात. डबा गप्प. सहदेवनं दोन्ही हात वर केले आणि मग जो गलका उठला तो तिनं आयुष्यात एकदाच ऐकला होता, जोडी सुटताना. त्या दिवशी तो मध्यावर तुटला होता. आज तुटला नाही. आज तो वळणावरून पुढं गेला, पाखरं उडवत, हरभऱ्यावरून, पार्बताबाईच्या अर्ध्या वावरावरून. गाडीतून उतरून आरतीनं आपल्या कागदावर सही केली.

परीक्षक कोइमतूरचा, सडपातळ, फार कमी बोलणारा माणूस. त्यानं दोन तास घेतले. सातव्या वळणावर तो उतरला, वाकला, एका डोळ्यानं डांबराच्या पातळीत बघितलं, मग गौरांगला हिंदीत विचारलं, कागदात लिहिलंय हे वळण पुन्हा केलं, तर सांधा कुठे आहे? गौरांग म्हणाला, "आप ही बताइए." माणूस पुन्हा वाकला, पुन्हा उभा राहिला, आणि पहिल्यांदा हसला. यंत्राला न दिसलेला दोष कळला कसा, असं त्यानं विचारलं तेव्हा गौरांगनं आरतीकडं बोट केलं. "मॅडम के टिफिन से." त्याला तो विनोद वाटला. सही त्यानं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून केली.

दुपारी चाचणीची पहिली गाडी धावणार होती. आरतीचा भाऊ श्याम अकोल्याहून वडिलांना घेऊन आला. खुशालराव आता ऐंशीला टेकलेले, दिसतं कमी, काठी, डोक्याला पांढरा रुमाल. "मोटारीचा पट पाहाचा हाये म्हनून रात्रीपासून कपडे घालून बसले," श्याम म्हणाला. आरती त्यांना सातव्या वळणावर घेऊन आली. ते थांबले. काठी श्यामच्या हातात दिली, आणि खाली वाकून, कोणाचा हात न घेता, वहाणा काढल्या.

ते चालले. तसंच, टाचेवर भार देत, एकेक पाऊल जोडत. वळणाच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. कडेचे लोक बोलायचे थांबले. एका जागी ते जरा रेंगाळले, आणि आरतीनं एक पाऊल पुढं टाकलं, पण ते पुढं गेले आणि वळून आले. "घट्ट हाये," ते म्हणाले. "शेवटपर्यंत उत्तर देते भुई. चांगलं केलं."

तिनं आयुष्यभर जुळवून ठेवलेलं वाक्य होतं, लांब, समजुतीचं. ते आलंच नाही. "बाबा, त्या दिवशी पाहाटी मी पटावर गेलती," एवढंच आलं. "तथी पोकळ लागलं मले. मी सांगतलं नाई."

खुशालराव डांबराकडं बघत होते, किंवा बघत नव्हते. "मले माहीत हाये," ते म्हणाले. "मी चालाले आलो त पावलं दिसली. येवढुशी. दोनी जोडीनं, खोल. उजव्या पायाचं धाकटं बोट शेजारच्यावर चढेल, आपल्या घरात तुहंच हाये तसं. म्हटलं, कोनी पाह्यलं त साऱ्या गावात पोट्टीले बोल लावतीन. हातानं पुसून टाकली." ते थांबले. हाताचा तळवा हवेत एकदा फिरला, माती सारखी करावी तसा. "अन् मंग त्या जागेवर पाय देल्ला नाई. पुसलेली माती माह्या पायानं बिघडू नाई म्हून बाजूनं निंगून गेलो. पाऊल पुसलं मी, माय. तू तथी काऊन उभी राह्यली होती, थे इचारलं नाई. चूक माही होती. पाखऱ्याले रोज सांगत होतो मी. तुले सांगाचं राहून गेलं."

बत्तीस वर्षं. दोघांनी आधी एकाच घरात, मग माहेरपणाच्या ताटापुढं बसून, एकमेकांपासून तीच एक जागा लपवली होती, दोघंही तिला वळसा घालून चालत होते, झाडणाऱ्या रांगेतल्या म्हातारीसारखे. आरतीला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही. पायाखालून काहीतरी वर येत होतं, ऊब म्हणावी तर ऊब.

लांब आरंभाच्या रेषेवर गाडीचं इंजिन गुरगुरायला लागलं. गौरांग झेंडा घेऊन उभा होता. त्यानं या दोघांना वळणावर पाहिलं आणि झेंडा खाली धरून ठेवला. वाट मोकळी व्हायची वाट बघत राहिला, घाई केली नाही.

"चाल," खुशालराव म्हणाले. "पुढं तू हो."

"मी?"

"मंग कोन? तुहा पट हाये. मी मांगून येतो."

आरतीनं बूट काढले. उजव्या पायाचं धाकटं बोट शेजारच्यावर चढलेलं, तसंच अजून. ती पुढं निघाली, वळणाच्या मधोमध, आणि तिच्या पावलावर पाऊल ठेवत म्हातारा धुरकरी मागून येत राहिला. कडेच्या बायांमधून पार्बताबाई झाडू टाकून पुढं आली, आणि त्या जागेवर, नेमक्या त्या जागेवर, पाय देऊन उभी राहिली. मग तिघंही कडेला झाली. वाट मोकळी झाली. गौरांगचा झेंडा पडला.